मिळकतीला हिशेबाची जोड

एका पगारात घर चालविण्याचे दिवस मध्यमवर्गाने मागे टाकले, त्याला आता बराच काळ लोटला. मुलांचे शिक्षण, घराचे हप्ते आणि वृद्ध आई-वडिलांचे औषधपाणी या तीन खर्चांची बेरीजच अनेक घरांत पगाराच्या आकड्याला भिडते. अशा वेळी कुटुंबाने पूरक उत्पन्नाचा विचार करावा हे स्वाभाविक आहे आणि योग्यही आहे. चार पुरुषार्थांत अर्थाची गणना करणाऱ्या समाजाला सचोटीने पैसा मिळविण्याचा संकोच वाटण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो हे उत्पन्न कोणत्या मार्गाने यावे आणि आल्यावर त्याचे काय व्हावे, हा.

एके काळी पूरक उत्पन्न म्हटले की संध्याकाळच्या शिकवण्या, शिलाई यंत्रावरचे काम, पापड-लोणची किंवा एखाद्या दुकानदाराच्या वह्या लिहून देणे, असेच चित्र डोळ्यांसमोर येई. आज त्याच शब्दांचा अर्थ अनेक तरुणांनी वेगळा लावला आहे. नोकरीवर जाता-येता भ्रमणध्वनीच्या पडद्यावर शेअर बाजारातील 'फ्युचर्स' आणि 'ऑप्शन्स'चे व्यवहार करावेत व पगाराइतकेच पैसे घरबसल्या मिळवावेत, हे त्यांचे स्वप्न. या स्वप्नाचा ताळेबंद 'सेबी'ने सप्टेंबर २०२४ मध्ये देशापुढे ठेवला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत असे व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला आणि त्या सर्वांच्या तोट्याची बेरीज १ लाख ८० हजार कोटी रुपयांच्या वर गेली. हा पैसा कोणा धनाढ्याच्या तिजोरीतला नव्हता. व्यवहार करणाऱ्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत दाखविले होते. म्हणजे भविष्य निर्वाह निधीतून उचललेली रक्कम, बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेली ठेव, क्वचित व्यक्तिगत कर्जही यात गेले असणार. चांगल्या कंपनीचे समभाग दीर्घ काळासाठी घेणे ही गुंतवणूक आहे. आठवड्याच्या मुदतीवर भाव वर जाईल की खाली, यावर पैसे लावणे हा सट्टा आहे. या दोहोंतील भेद घरातील वडीलधाऱ्यांनी समजून घेतला पाहिजे आणि मुलांशी त्यावर मोकळेपणाने बोललेही पाहिजे.

दुसरीकडे, भारतीय कुटुंबाची बचत करण्याची जी ख्याती होती, तिलाही ओहोटी लागलेली दिसते. रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीनुसार कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत २०२०-२१ साली सकल देशांतर्गत उत्पादनाच्या साडेअकरा टक्क्यांच्या आसपास होती. ती २०२२-२३ साली पाच टक्क्यांच्या घरात आली. पहिले वर्ष टाळेबंदीचे होते, खर्चच थांबले होते, हे लक्षात घेतले तरी पाच टक्के ही पातळी कित्येक दशकांतील नीचांकी होती. याचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. लोकांनी पैसे बाजूला टाकणे सोडले असे नव्हे, त्यांच्या डोक्यावरची कर्जे बचतीपेक्षा वेगाने वाढली. एका हाताने ठेव ठेवायची आणि दुसऱ्या हाताने हप्त्यावर वस्तू घ्यायची, अशा घरात कितीही पूरक उत्पन्न आले तरी ते बुडाला भोक असलेल्या घागरीत ओतलेल्या पाण्यासारखेच ठरते.

मग मार्ग कोणता? अंगच्या कौशल्याला आणि हाती असलेल्या वेळेला दाम मिळवून देणे, हाच. तो नवा नाही, पण त्याची शिस्त मात्र आपण नीट अंगी बाणवलेली नाही. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात गुजराती गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटावयास सुरुवात केली आणि त्यातून 'लिज्जत' उभी राहिली, ही कथा आपण अनेकदा सांगतो व ऐकतो. त्या कथेतला बोधप्रद भाग मात्र बहुधा गाळला जातो. ते ८० रुपये देणारे भारत सेवक समाजाचे छगनलाल पारेख यांनी या भगिनींना दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, स्वस्तातला हलका पापड आणि महागातला चांगला पापड असे दोन प्रकार करू नका, एकच चांगला करा. दुसरी, हा व्यवसाय आहे असे समजून चोख हिशेब ठेवा. आरंभी तोटा आला तरी कोणापुढे देणगीसाठी हात पसरायचा नाही, असे त्या भगिनींनी ठरविले. सकाळी पीठ घरी न्यायचे, लाटलेले पापड परत आणून द्यायचे आणि आपली वणाई, म्हणजे लाटण्याची मजुरी, घेऊन जायची, अशी रीत तेथे पडली. घरी बसून केलेल्या कामाला मजुरी असते, हे तत्त्व या सगळ्याच्या मुळाशी आहे.

आपल्या घरगुती उद्योगांचे घोडे नेमके येथेच अडते. एक साधे उदाहरण घेऊ. दिवाळीच्या तोंडावर दोन जावा मिळून भाजणीच्या चकल्या करतात. समजा, भाजणी, तेल, गॅस आणि पिशव्या धरून किलोमागे २५० रुपये खर्च येतो व दोघींच्या आठ तासांच्या श्रमांतून सहा किलो चकली तयार होते. "घरचेच तर आहे, फार भाव कशाला" म्हणून ती ३०० रुपये किलोने दिली, तर दिवसाअखेर ३०० रुपये सुटतात. दोघींच्या सोळा तासांनी भागले तर तासाला एकोणीस रुपयेही पडत नाहीत. शेतात निंदणीला जाणाऱ्या स्त्रीलासुद्धा यापेक्षा अधिक रोज मिळतो. तीच चकली ४०० रुपयांनी विकली तर ९०० रुपये उरतात, तासाला छप्पन्न रुपये पडतात, आणि मग हा उद्योग पुढच्या वर्षी करावासा वाटतो. पहिल्या हिशेबात उत्पन्न मिळाल्याचा केवळ भास आहे. गृहिणीचे श्रम शून्य रुपये धरले, म्हणूनच तेथे नफा दिसला. असे उद्योग दोन दिवाळ्यांनंतर बंद पडतात आणि त्याचे खापर बाजारावर फोडले जाते.

तेव्हा जो कोणी घरातून काही करू इच्छितो, त्याने एक वही घालावी. तिच्यात कच्चा माल, इंधन, वाहतूक, वाया गेलेला माल आणि आपले तास, हे पाचही रकाने रोज भरावेत. अन्नपदार्थ विकावयाचे असल्यास अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी करून घ्यावी, छोट्या उत्पादकाला ती अल्प शुल्कात मिळते. 'उद्यम' नोंदणी विनाशुल्क आहे, तेव्हा ती करून देण्याचे पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला दारातूनच परत पाठवावे. भांडवल लागलेच तर २०१५ पासून चालत आलेल्या मुद्रा योजनेतील 'शिशु' गटात ५० हजार रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाविना मिळण्याची सोय आहे. सावकाराच्या व्याजात कष्टकऱ्याचा नफा कसा गडप होतो, हे गिरणगावातील खानावळवाल्या बायांनी पुरते अनुभवले होते. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी 'अन्नपूर्णा' उभी करून त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे दार उघडून दिले, तेव्हा त्याच स्वयंपाकातून त्याच हातांना चार पैसे अधिक उरू लागले.

येथे एक नाजूक गोष्टही स्पष्टपणे मांडली पाहिजे. पूरक उत्पन्नाचा भार बहुतेक घरांत स्त्रीवर पडतो. ती पूर्वीचे सर्व काम करून हे वाढीव काम करते. पैसे आले की ते घरखर्चात मिसळून जातात आणि वर्षाअखेर तिच्या हाती काहीच नसते. कुटुंब हे आपल्या समाजाचे बलस्थान आहे असे आपण म्हणतो. हे बल ज्या व्यक्तीच्या श्रमांवर उभे आहे तिच्या नावाचे बँकेत खाते असावे, त्या खात्यात तिची कमाई जावी आणि तिच्या उद्योगाच्या दिवसांत घरातील पुरुषांनी भांडी घासण्यापासून माल पोहोचविण्यापर्यंतची कामे उचलावीत, ही अपेक्षा जगावेगळी नाही. पुण्यात १९७४ साली भगिनी निवेदिता सहकारी बँक उभी राहिली, ती स्त्रियांच्या आर्थिक स्वावलंबनाच्या याच निकडीतून. अर्ध्या शतकानंतरही कित्येक सुशिक्षित घरांत "यांनाच विचारा" हेच उत्तर मिळत असेल, तर आपण थोडे अंतर्मुख व्हायला हवे.

आता बचतीविषयी. पहिली बचत म्हणजे महाग कर्ज फेडणे. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला तीन ते साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ३६ ते ४२ टक्के व्याज चढते. इतका परतावा देणारी कोणतीही सचोटीची योजना जगात नाही, तेव्हा थकबाकी शिल्लक असताना अन्यत्र पैसे गुंतविण्यात अर्थ नाही. त्यानंतर सहा महिन्यांचा घरखर्च सहज काढता येईल अशा खात्यात असावा. आजारपणात दागिने मोडण्याची वेळ येते ती हा साठा नसल्यामुळे. कमावत्या व्यक्तीचा शुद्ध मुदतीचा विमा आणि सर्वांचा आरोग्य विमा ही पुढची पायरी. मग येतात दीर्घ मुदतीच्या बचती: १९६८ पासून चालू असलेली सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी योजना, दहा वर्षांखालील मुलीसाठी २०१५ साली सुरू झालेली सुकन्या समृद्धी, टपाल कार्यालयातील आवर्ती ठेव. दरमहा दोन हजार रुपये सात टक्के दराने पंधरा वर्षे साठविले, तर भरलेल्या ३ लाख ६० हजारांचे सहा लाखांहून अधिक होतात. यात चमत्कार कोणताही नाही, सातत्य तेवढे आहे. त्यासाठी ही रक्कम पगाराच्या दिवशीच बाजूला निघाली पाहिजे. महिनाअखेरीस उरेल ते साठवू म्हणणाऱ्याकडे बहुधा काहीच उरत नाही.

बचत ठेवावी कोठे, याचेही भान हवे. बँक बुडाल्यास मिळणारे ठेव विम्याचे संरक्षण फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाखांवर नेण्यात आले. प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ही मर्यादा आहे. पतसंस्थांना मात्र हे विमा संरक्षण नाही. एक-दीड टक्का अधिक व्याजासाठी आयुष्याची पुंजी एकाच पतसंस्थेत ठेवणाऱ्या ज्येष्ठांना कोणीतरी हे शांतपणे समजावून सांगितले पाहिजे.

दामदुपटीचे आमिष हा तर जुनाच रोग. 'पर्ल्स' उद्योगसमूहाच्या कंपनीने कोट्यवधी लोकांकडून जमीनविक्रीच्या नावाखाली गोळा केलेले सुमारे ४९ हजार कोटी रुपये परत करावेत, असा आदेश 'सेबी'ला २०१४ साली द्यावा लागला. जानेवारी २०२५ मध्ये दादरला रत्नांवर आठवड्याच्या आठवड्याला परतावा देऊ करणाऱ्या एका पेढीच्या दाराशी फसलेल्या गुंतवणूकदारांची गर्दी लोटली. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा कायदा अस्तित्वात असूनही हे घडते. कारण अशा योजना जाहिरातीपेक्षा ओळखीतून पसरतात. भाचा मामाला सांगतो, शिक्षक सहकाऱ्याला सांगतो. आणि, हे कटू असले तरी लिहिले पाहिजे, कार्यकर्ता कार्यकर्त्याला सांगतो. वर्षानुवर्षांच्या निरपेक्ष कामातून कार्यकर्त्याला घराघरांत जो विश्वास मिळतो, तो सामाजिक ठेवा आहे. साखळी पद्धतीच्या योजनेत सभासद जोडण्यासाठी तो वापरणे म्हणजे दुसऱ्याची ठेव मोडण्यासारखे आहे. पैसे बुडाल्यावर त्या घराचे दार पुन्हा कोणत्याही चांगल्या कामासाठी उघडत नाही. "नियामक कोण, नोंदणी कोठली, पैसे देणारा ते कमावतो कशातून?" हे तीन प्रश्न आपल्या अत्यंत जवळच्या माणसालाही विचारावेत आणि त्याने राग मानू नये.

त्याच विश्वासाचा सदुपयोगही होऊ शकतो. आपल्या वस्तीत कोण शिवणकाम करते, कोण शिकवण्या घेते, कोण पोळीभाजीचे डबे देते, याची एक साधी यादी करावी. सणावारी, कार्यक्रमांच्या जेवणावळीत आणि भेटवस्तू निवडताना पहिली मागणी त्यांच्याकडे नोंदवावी. पैसे वेळच्या वेळी आणि पूर्ण द्यावेत. दुकानातील छापील किमतीशी घासाघीस न करणारे आपण शेजारणीच्या चकलीवर मात्र दहा रुपये कमी करून मागतो. ही सवय सोडली तरी अनेक घरांच्या मिळकतीत प्रत्यक्ष भर पडेल, आणि त्यासाठी कोणत्याही सरकारी योजनेची वाट पाहावी लागणार नाही.