अंगठा गेला, वरून अंगठाच घेतला



दिवाळीनंतर आपल्या एका पाड्यावरच्या गड्याचा हात खडी क्रशरच्या पट्ट्यात सापडला. उजव्या हाताचा अंगठा मुळापासून गेला. मुकादमाने फडकं बांधलं आणि दवाखान्यात नेऊन टाकलं. तिसऱ्या दिवशी ठेकेदार घरी आला. पाचशे रुपये हातावर ठेवले आणि ‘राजीखुशीने पैसे मिळाले, तक्रार नाही’ अशा कागदावर डावा अंगठा उठवून घेतला. लोक म्हणाले, देवमाणूस, पाचशे तरी दिले.

आम्ही म्हणतो ही दया नाही, चोरी आहे.

कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ सालचा, इंग्रजाच्या वेळचा. कुठला अवयव गेला तर कमाईची ताकद किती गेली, याचा त्यात तक्ताच होता. अंगठ्याचे ३० टक्के, एका हाताच्या चारी बोटांचे ५० टक्के. १९८४ च्या दुरुस्तीप्रमाणे माणूस कायमचा पुरता निकामी झाला तर तेव्हा कमीत कमी २४,००० रुपये होते. त्याचे ३० टक्के म्हणजे ७,२००. मग बाकीचे ६,७०० कुणी खाल्ले?

शेठ म्हणतो, तो माझा माणूस नाही, ठेकेदाराचा. खोटं. धंदा शेठचा, तर काम ठेकेदाराकडून करून घेतलं तरी भरपाई शेठच्या अंगावर येते. म्हणतो, चूक त्याचीच. काम करताना हात तुटला ना, मग नुसत्या हयगयीने हक्क जात नाही. म्हणतो, दारू प्यायला होता. आदिवासी म्हटला की हे ठरलेलंच! पण नुसतं बोलून भागत नाही, दारूमुळेच अपघात झाला हे दाखवावं लागतं. आणि तो राजीखुशीचा कागद? भरपाईचा हक्क सोडल्याचा करार कायद्यात रद्द आहे. अर्जाला दोन वर्षांची मुदत आहे. म्हणून ही केस मेलेली नाही. भरपाई कमिशनरकडे आम्ही अर्ज घालणार.

काही साथी विचारतात, आपली संघटना जमिनीची, खदानीच्या भानगडीत कशाला पडायचं? त्यांना आमचा उलटा सवाल आहे. हा गडी खदानीत गेला का? त्याच्या बापाचा एकसाली प्लॉट अजून नावावर नाही. फॉरेस्टवाले पीक उपटतात. पावसाळा सरला की पोटासाठी क्रशरवर जावंच लागतं. जमीन मिळाली तरी एका अंगठ्यावर तो नांगर कसा धरणार?

आपल्या आजांचे अंगठे सावकाराच्या कागदावर उठले आणि जमिनी गेल्या. आता नातवांचे अंगठे ठेकेदाराच्या कागदावर उठताहेत. खोड तीच आहे.

म्हणून प्रत्येक पाड्याने ठरवा. अपघात झाला की त्याच दिवशी मालकाला लेखी कळवायचं. सोबत काम करणाऱ्या दोघांची नावं लिहून ठेवायची, कारण मुकादमाच्या वहीत आपलं नाव सापडणार नाही. दवाखान्याचा कागद जपायचा. आणि संघटनेने वाचून दाखवल्याबिगर कुठल्याच कागदावर अंगठा द्यायचा नाही.

जमीन आमची, हातही आमचे!