घोडा फुकट, पण नोंद हवीच



२०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरविल्या. गाड्या थांबल्या, पण घोड्यांची पोटे थोडीच थांबतात? सोडविलेले घोडे सांभाळायला देताना संस्थेने अर्ज-फी मागितली, की ‘मुक्या जिवावर कसली फी?’ अशी कुरकुर होते. आमचे मत उलट आहे. फी ही घोड्याची किंमत नव्हे. गोठा पाहण्याचा व वही ठेवण्याचा तो खर्च. घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो. कागद नसला, तर चार हात फिरून तो पुन्हा टांग्याला जुंपला गेला तरी कळायचे नाही. फी माफक असावी, पावती मिळावी आणि ग्लँडर्सच्या रक्ततपासणीपासून पुढची प्रत्येक भेट वहीत चढावी. नोंदीशिवाय आपल्या उसाला तोड मिळत नाही. मग जनावर बिगरनोंदीचे का द्यावे?