फ्लायव्हील : घासून घ्यावं की नवं टाकावं?



माथेरान सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. नेरळहून दस्तुरीपर्यंतचा रस्ता म्हणजे चढ आणि वळणं. वळणावर गाडी अडली की ड्रायव्हर ती हाफ क्लचवर धरून ठेवतो. मग क्लच प्लेट फ्लायव्हीलवर घसरते आणि घर्षणाची उष्णता त्या लोखंडात शिरते. खोपोलीहून बोरघाट चढणाऱ्या गाड्यांचंही तेच.

माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील टॅक्सी चालवतात. क्लच गेला तेव्हा म्हणाले, "सर, एक जण सांगतो घासून घ्या, दुसरा म्हणतो नवीनच टाका. गाडी उभी राहिली की आमची चूल थंड."

फ्लायव्हील म्हणजे शिलाई मशीनच्या जड चाकासारखं. इंजिनाचे धक्के ते आपल्या जडत्वाने सम करतं. पण त्याच्याच सपाट तोंडावर क्लच प्लेट पकड घेते, म्हणून ते तोंड एकसारखं हवं.

माझं मत सरळ आहे : आधी मोजा, मग ठरवा. फ्लायव्हील साधं, एकसंध आहे, त्यावर नुसते ओरखडे किंवा निळसर डाग आहेत आणि घासल्यावरही जाडी कंपनीच्या किमान मापाखाली जात नाही, तर नवं घेणं म्हणजे पैसे वाया. काम शक्यतो ग्राइंडिंगवर करावं. तापून कडक झालेल्या डागांवर लेथचं हत्यार नीट कापत नाही, उंचवटे राहतात.

मात्र खोल भेगा दिसल्या तर काटकसर नको. मिनिटाला हजारो फेरे घेणारं चाक आहे ते, आणि मागे प्रवासी बसलेले असतात. ड्युअल मास प्रकारात आत स्प्रिंगा असतात. ते सहसा घासत नाहीत, बदलतातच.

सगळ्यात महाग पडतो तिसरा मार्ग : खराब फ्लायव्हील तसंच ठेवून नुसती नवी प्लेट टाकणं. गाडी उचलताना थरथरते, प्लेट लवकर जाते आणि गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी पुन्हा भरावी लागते.

त्या पालकांनी माप घेतलं. जाडी पुरेशी निघाली, भेग नव्हती. त्यांनी घासूनच घेतलं.

"सर, मापन शिकून काय उपयोग?" असं मुलं विचारतात. आता माझ्याकडे उत्तर आहे, आणि ते त्यांच्याच गावच्या रस्त्यावर रोज धावतंय.