ओले अंथरूण आणि आजी-आजोबांची साक्ष

सकाळी नातवाची गादी उन्हात पडली की घरात कुजबुज सुरू होते. ‘एवढा घोडा झाला, तरी...’ हे वाक्य बहुधा वडीलधाऱ्यांच्याच तोंडून निघते. म्हणून आजचे हे चार शब्द विशेषतः आजी-आजोबांसाठी.

मूल हे मुद्दाम करीत नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. मेंदूतून स्रवणारे एक संप्रेरक रात्री मूत्रनिर्मिती मंदावते. काही मुलांत ते पुरेसे स्रवत नाही, काहींच्या मूत्राशयाची धारणशक्ती अपुरी असते. आणि मूत्राशय भरले तरी झोपेतून जाग येत नाही. पाच वर्षांच्या आत याला विकार मानतच नाहीत. पाचव्या वर्षीही सुमारे १५ टक्के मुलांना हा त्रास असतो आणि बहुतेकांचा वयानुसार आपोआप थांबतो.

यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आई-वडिलांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल, तर मुलाला तो होण्याची शक्यता ४० टक्क्यांहून अधिक असते. दोघांनाही असेल, तर ७० टक्क्यांहून अधिक. मुलाचे वडील कितव्या वर्षापर्यंत अंथरूण ओले करीत, हे आपल्याखेरीज कोणाला ठाऊक असणार? ती आठवण डॉक्टरांना सांगावी. वडिलांची हरकत नसेल, तर नातवालाही एकांतात सांगावी. ‘मी एकटाच असा आहे’ हे त्याच्या मनावरील ओझे त्याने हलके होते.

दिवसभर पाणी भरपूर द्यावे. झोपण्यापूर्वीच्या दोन तासांत मात्र बेताचेच. सायंकाळी चहा व कोला टाळावा. निजण्याआधी लघवीला पाठवावे. बद्धकोष्ठतेवर उपचार करावेत, कारण भरलेले आतडे मूत्राशयावर दाब देते. गादीवर मेणकापड घालावे. शिक्षा, चिडवणे आणि पाहुण्यांसमोर वाच्यता यांनी त्रास कमी होत नाही. मूल मात्र खचते.

सहा महिने कोरडे राहिल्यावर पुन्हा सुरुवात झाली, दिवसाही कपडे ओले होऊ लागले, लघवीला जळजळ, अतिशय तहान, वजनात घट किंवा झोपेत मोठे घोरणे आढळले, तर डॉक्टरांना दाखवावे. तहान आणि वजनघट एकत्र दिसल्यास त्याच दिवशी न्यावे. तो मधुमेह असू शकतो. एरवीही सहा-सात वर्षांनंतर त्रास टिकला, तर ओलावा लागताच वाजणारा गजर आणि औषधे असे दोन्ही उपाय डॉक्टरांच्या सल्ल्याने करता येतात.

गादी उन्हात वाळते. मुलाच्या मनात बसलेली लाज मात्र इतक्या सहज वाळत नाही.