हरणाऱ्या पिचरकडून अपेक्षा

अमेरिकेंत बेसबॉलचें वेड किती आहे हें वाचकांस ठाऊकच आहे. त्या खेळांत फलंदाजाकडे चेंडू फेंकणारा गडी, ज्यास पिचर म्हणतात, तोच सामन्याचा मुख्य आधार मानला जातो. आरंभीं कोणता पिचर उभा राहणार हें कळतांच पुष्कळ प्रेक्षक निकाल मनांत ठरवून टाकतात. तो मागील सामने हरलेला असला, तर "आज पांच डाव टिकला तरी पुष्कळ झालें," असें म्हणत ते आपल्या जागीं बसतात. या वृत्तीस कोणी दया म्हणतात, कोणी शहाणपण. आम्हांस ती दोन्हीहि वाटत नाहीं.

न्यूयॉर्कच्या मेट्स संघांतील अँथनी यंग याचेंच उदाहरण घ्या. १९९२ सालच्या हंगामांत पहिले दोन जय मिळविल्यावर ६ मेपासून तो जो हरूं लागला, तो २४ जुलै १९९३ पर्यंत. ओळीनें सत्तावीस पराजय! बोस्टनच्या क्लिफ कर्टिसचा १९१०-११ मधील तेवीस पराजयांचा विक्रम त्यानें मागें टाकला. लोक त्याला सशाचे पाय, चार पानांचें क्लोव्हर अशा शुभशकुनाच्या वस्तु टपालानें पाठवूं लागले. पाठविणाऱ्यांचा सद्भाव आम्हांस मान्य आहे. परंतु ज्याला ताईत पाठवावयाचा, त्याच्या मनगटावरचा विश्वास आपण आधींच सोडलेला असतो, हें त्यांच्या ध्यानांत आलें नसावें.

आतां त्याची कामगिरी पाहूं. बेसबॉलमध्यें पराजय केवळ संघाच्या नांवें लिहीत नाहींत, तर एका पिचरच्या नांवेंहि लिहितात. ज्याच्या खात्यावरील धावेनें प्रतिपक्ष शेवटपर्यंत टिकणारी आघाडी घेतो, त्याचा तो पराजय. ती धाव क्षेत्ररक्षकाच्या चुकीनें झालेली असो, कीं आपल्या फलंदाजांनीं एकहि धाव केलेली नसो, हिशेबांत फरक पडत नाहीं. १९९३ सालीं यंगच्या दोषानें झालेल्या धावांची सरासरी दर नऊ डावांमागें ३.७७ होती, त्याच्या लीगची सर्वसाधारण सरासरी चाराहून अधिक होती. म्हणजे तो इतरांहून वाईट फेंकीत नव्हता. पण त्याचा संघ त्या वर्षीं १०३ सामने हरला. आदल्या वर्षीं, याच पराजयांच्या मालिकेंत, संघाची आघाडी अखेरपर्यंत राखण्याचें काम त्याजकडे आलें असतां त्यानें पंधरा सामने वांचविले होते. हे पंधरा कोणाच्या लक्षांत राहिले नाहींत.

कमी अपेक्षा ठेवल्यानें प्रेक्षकांची निराशा टळते आणि खेळाडूची हुर्यो होत नाहीं, असें कोणी म्हणेल. पहिला लाभ खरा आहे; पण तो प्रेक्षकाचा. खेळाडूला मात्र त्याची किंमत द्यावी लागते, कारण ज्याच्याकडून कांहींच नको असतें त्याचें चांगलें कोणी पाहतहि नाहीं.

२८ जुलै १९९३ रोजीं फ्लोरिडा मार्लिन्सविरुद्ध ३-३ अशी बरोबरी असतां तो नवव्या डावांत आला. प्रतिपक्षाला एक धाव मिळाली आणि अठ्ठाविसावा पराजय समोर दिसूं लागला. इतक्यांत मेट्सनीं दोन धावा काढून सामना ५-४ असा जिंकला. त्याहून कितीतरी चांगलें फेंकून तो पूर्वीं हरला होता! प्रेक्षकांनीं आनंदानें मैदान दणाणून सोडलें; पण त्या जयांत त्याचा स्वतःचा वांटा केवढा?

सुदैवानें पुढें परीक्षकांची दृष्टि बदलली. २०१८ सालीं याच मेट्सच्या जेकब डिग्रॉमला अवघे दहा जय व नऊ पराजय असतांहि, १.७० या सरासरीकडे पाहून, साय यंग पारितोषिक देण्यांत आलें. (ज्याच्या नांवाचें हें पारितोषिक, तो साय यंग स्वतः तीनशेंहून अधिक सामने हरला; त्याच्याइतके पराजय दुसऱ्या कोणाच्याच नांवावर नाहींत.) पिचरकडून अपेक्षा अवश्य ठेवावी, पण ती त्याच्या हातांतील गोष्टींची: फलंदाजाला फुकट चाल देऊं नये, चेंडू नेमका टाकावा. उरलेले आठ गडी काय करतील याचा जाब त्याला विचारूं नये.

अँथनी यंग २०१७ सालीं एकावन्नाव्या वर्षीं वारला. त्या सत्तावीस पराजयांनंतर १९९४ सालीं शिकागोच्या कब्स संघानें आपला एक गडी देऊन त्याला मागून घेतलें होतें, आणि तेथें पुन्हां सामन्याच्या आरंभीं चेंडू त्याच्याच हातीं दिला होता.