विहार कोणाचा?



आपल्या वस्तीतील विहार कोणाचा, असा प्रश्न केला तर "आपल्या सर्वांचा" असे उत्तर लहान मूलही देईल. पण विहाराखालील जमीन कोणाच्या नावे आहे, वर्गणीचा हिशेब कोणाजवळ आहे आणि विश्वस्त कोणी निवडले, असे विचारले की वडीलधारी मंडळीसुद्धा एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. मी वकील आहे. अशी प्रकरणे माझ्यासमोर येतात. संस्था नोंदलेली नव्हती म्हणून जागा एका विश्वासू कार्यकर्त्याच्या नावे घेतली गेली. कार्यकर्ता निवर्तला आणि त्याचे वारस दारात उभे राहिले. ज्या मातांनी चार घरची भांडी घासून वर्गणी दिली, त्यांचे नाव त्या कागदावर कोठेही नसते.

यावर ठराविक उत्तर मिळते: आपलीच माणसे आहेत, कागद कशाला? कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे होय. मी म्हणतो, हा युक्तिवाद नव्हे, हा आळस आहे. आणि तो बौद्ध परंपरेस मुळीच धरून नाही.

आपण राहतो त्या भूमीचाच इतिहास पाहा. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बुरूड राजाचा कोट म्हणून ओळखला जाणारा ढिगारा उकरला आणि सोपाऱ्याचा स्तूप व त्यातील धातुकरंडक जगापुढे आला. कार्ल्याच्या चैत्यगृहात सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकाने दिलेल्या स्तंभाची नोंद खांबावरच कोरलेली आहे. नाशिकच्या लेण्यात उषवदाताने सोपाऱ्यास चौसोपी निवारे बांधल्याचा उल्लेख आहे. तेथेच दुसऱ्या लेखात तो चातुर्दिश संघाला लेणे आणि 3000 कार्षापण देतो, ती रक्कम विणकरांच्या श्रेणींकडे व्याजाने ठेवतो, व्याजाचा दर सांगतो आणि हे सर्व निगमसभेत ऐकवून फलकावर नोंदविल्याचे लिहितो. राजाचा जावई सुमारे 1900 वर्षांपूर्वी आपल्या दानाचा हिशेब चारचौघांत देतो; मग आपल्या मंडळाच्या अध्यक्षांस हिशेब देण्यात कमीपणा का वाटावा?

बाबासाहेबांनी तरी काय केले? 20 जुलै 1924 रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिच्या उद्देशांत वसतिगृहे, वाचनालये, सामाजिक केंद्रे आणि अभ्यासवर्ग यांचा स्पष्ट निर्देश होता. पुढे 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि 1955 साली भारतीय बौद्ध महासभा उभी राहिली. समाजाचे कार्य त्यांनी संस्थांच्या पायावर उभे केले.

कायदा आपल्या बाजूने आहे. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम 18 खाली नोंदणी करावी. विश्वस्त बदलला तर कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत कळवावे. कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून स्थावर मालमत्ता कोणासही विकता येत नाही. जागा व्यक्तीच्या नावे असेल तर ती व्यक्ती हयात असतानाच नोंदणीकृत दस्ताने विश्वस्तव्यवस्थेच्या नावे करून घ्यावी.

आपल्या गावात तर दुप्पट सावध राहिले पाहिजे. नालासोपारा पूर्वेस उच्च न्यायालयाच्या आदेशाने 41 इमारती पाडण्यात आल्या. ते काम 2025 साली पुरे झाले. घर घेणाऱ्या गरिबांजवळ कागद नव्हते असे नाही. ते बनावट निघाले. तेव्हा विहारासाठी जागा पाहताना सातबारा, आरक्षण आणि बांधकामाची परवानगी यांची शहानिशा केल्याशिवाय एक वीटही रचू नये.

नोंदणी झाली म्हणजे झोपावे, असेही नाही. दादरच्या आंबेडकर भवनाला विश्वस्त होते. तरी 25 जून 2016 च्या पहाटे ती वास्तू पाडली गेली. 19 जुलैला मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला, पण तोपर्यंत भिंती जमीनदोस्त झाल्या होत्या. कागद विहाराचे अर्धे रक्षण करतो. उरलेले अर्धे जागृत सभासदांनी करावयाचे असते.

आणि रक्षण तरी कशाचे? वर्षातून दोनदा रोषणाई करून उरलेले दिवस कुलूप लावून ठेवलेल्या खोलीचे काय? 1956 साली, बाबासाहेबांनी नागपुरास दीक्षा दिली त्याच वर्षी, वसईजवळच्या भुईगाव येथे अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. लोक नाना मंगलविधी करतात, त्यांचे फळ अल्प असते. सेवकांशी नीट वागणे, वडिलांचा आदर करणे, जीवमात्रांविषयी संयम ठेवणे हेच खरे धम्ममंगल, असा त्या लेखाचा आशय आहे. जुने देव घराबाहेर काढून नव्या मूर्तीपुढे तेच विधी चालविणारांनी हा आशय भिंतीवर लिहून ठेवावा. जेथे संध्याकाळी मुलांचा अभ्यास होतो, स्त्रिया सभेत बोलतात आणि शिष्यवृत्तीचा अर्ज भरून मिळतो, तोच विहार.

येत्या पौर्णिमेस वंदना झाल्यावर उठून जाऊ नका. जागेचा कागद, नोंदणी क्रमांक, विश्वस्तांची यादी आणि वर्षाचा हिशेब या चार गोष्टी मागा. जो देईल त्याचे आभार माना. जो रागावेल, त्याला सांगा की विहार त्याच्या वडिलांची मिळकत नव्हे. तो चातुर्दिश संघाचा आहे, आणि त्या चार दिशांत आपल्या दाराचीही दिशा येते.

जय भीम!