डॉक्टरकीचा लॅपटॉप

प्रवेश निश्चित होतो, मुबारकबादचे फोन येतात आणि दुसऱ्याच दिवशी घरात विषय निघतो, लॅपटॉप कोणता घ्यायचा? 2024 मध्ये अंबरनाथला 100 जागांचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि उल्हासनगर ते बदलापूरच्या पट्ट्यात हा प्रश्न जवळचा झाला.

एखादे मामू सांगतात, लाखाखालचा घेऊच नका. एखादी खाला म्हणते, मुलीला वेगळा कशाला, भावाचा आहेच की! आम्हाला दोन्ही सल्ले पटत नाहीत.

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन हे मुख्य विषय. शवविच्छेदन हातांनी शिकायचे, लेखी पेपरही हातानेच लिहायचा. लॅपटॉप लागतो तो पीडीएफ वाचायला, व्याख्यानांचे व्हिडिओ पाहायला, सेमिनारच्या स्लाइड करायला. पुढे नीट-पीजी संगणकावर द्यावी लागते, तिचा सराव त्यावर होतो. यातल्या कशालाही गेमिंगचे महागडे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. 8 जीबी रॅम, जमल्यास 16, आणि 512 जीबी एसएसडी पुरे.

त्याहून महत्त्वाचे आहे वजन. सकाळच्या गर्दीत बदलापूरहून लोकल पकडणाऱ्या मुलीच्या पाठीवर ॲप्रन, डबा आणि जाडजूड पुस्तके असतातच. लॅपटॉप 14 इंची, दीड किलोच्या आसपासचा आणि दिवसभर बॅटरी टिकणारा बघा. पावसाळ्यासाठी सॅकला रेनकव्हर हवेच.

वापरलेला घेण्यात कमीपणा नाही. मात्र विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. त्यामुळे मशीन विंडोज 11 चालवणारे आहे ना, हे दुकानातच पाहा. इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. बॅटरी किती टिकते ते तपासा. पक्के बिल आणि लेखी वॉरंटी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता हप्त्यांविषयी. ‘नो-कॉस्ट ईएमआय’ची पाटी पाहून निर्धास्त होऊ नये. बहुतेक योजनांत बँक व्याज लावतेच, तेवढी सूट किमतीत दाखवली जाते. प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी वेगळा. शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावले आहे. सूदपासून दूर राहू इच्छिणाऱ्या घरांनी आधी कागद वाचावा. दोन-तीन महिने थांबून रोखीने घेतले तरी अभ्यास अडत नाही. तोवर ग्रंथालय आहे, सीनियरांची पुस्तके आहेत, फोनही आहे. अम्मीच्या बांगड्या लॅपटॉपसाठी मोडायची वेळ येऊ देऊ नका. अजून फी, प्रवास आणि पुस्तके बाकी आहेत.

मात्र जो घ्याल तो मुलीच्या एकटीच्या हक्काचा असू द्या. भावाचा सिनेमा संपेपर्यंत तिने रात्री अकरापर्यंत ताटकळायचे, तर स्वस्तात मिळालेला लॅपटॉपही महागच पडला म्हणायचा.